जांघेतली गाठ : दर वेळी अवधाणच असतं असं नाही

पायाला काटा लागला, टाचेच्या भेगा चिघळल्या की जांघेत गाठ येते. आपल्याकडं तिला अवधाण म्हणतात. जखम बरी झाली की बहुतेक वेळा ती जिरते. त्यामुळं जांघेत गाठ म्हणजे अवधाण, हे बायकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. बिब्बा लावायचा, शेकायचं आणि कुणाला दाखवायचं नाही. जागाच तशी! विहारात महिलांच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघतो तेव्हा ही गाठ सगळ्यांत शेवटी, बाकीच्या उठून गेल्यावर, आमच्या कानात सांगितली जाते.

हर्निया, म्हणजे अंतर्गळ, हा पुरुषांचा आजार समजला जातो. पुरुषांत तो कितीतरी जास्त, हे खरं आहे. पण त्याचा एक प्रकार बायकांत जास्त दिसतो. पोट आणि मांडी मिळतात तिथं, मोठ्या रक्तवाहिनीशेजारी एक अरुंद फट असते. तिच्यातून पोटातली चरबी किंवा आतडं खाली उतरतं. याला फिमोरल हर्निया म्हणतात. गाठ बोराएवढी, सुपारीएवढी. अनेकदा दुखत नाही, म्हणून घात होतो. फटीच्या कडा घट्ट असल्यानं आतडं अडकलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते सडायला लागतं. १९९१ साली ब्रिटनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गाठ दिसल्यापासून तीन महिन्यांत अडकण्याची शक्यता २२ टक्के, तर २१ महिन्यांत ४५ टक्के निघाली. जांघेतल्या नेहमीच्या हर्नियात हेच आकडे तीन आणि पाच टक्क्यांच्या आत होते. म्हणून फिमोरल हर्नियात ‘दुखेल तेव्हा बघू’ चालत नाही.

अडकल्यावर गाठ कडक होते, दुखते. पण कधी कधी बाई फक्त पोटाचंच सांगते. उलट्या होतात, पोट फुगतं, वारा सरत नाही. कुणी पित्ताचं इंजेक्शन देतं, कुणी सलाईन लावतं, पण लुगडं सरकवून जांघ कुणी बघत नाही. अशा वेळी गाठ घरी दाबून आत ढकलू नका, काही खाऊ-पिऊ घालू नका, त्याच रात्री मोठा दवाखाना गाठा.

काही गाठी विरळ असतात, पण त्या बायकांच्याच. मुलगी आईच्या पोटात असताना गर्भाशयाच्या गोल बंधाबरोबर पोटाच्या अस्तराची एक बारीक नळी जांघेपर्यंत येते. अँटन नक या डच शरीरशास्त्रज्ञानं १६९१ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती नकची नळी. ती सहसा लहानपणीच बुजते. राहिली तर मोठेपणी तिच्यात पाणी साठू शकतं, पुरुषांच्या हायड्रोसिलसारखं. गाठ मऊ असते, बहुधा दाबून आत जात नाही. सुईनं पाणी काढलं तर पुन्हा भरतं. शस्त्रक्रियेनं पिशवी काढणं हाच नीट उपाय.

पाळीच्या दिवसांत गाठ फुगत, ठणकत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर जांघेत रुजलेला असतो. डॉक्टर पाळीचं विचारत नसतील तर आपण होऊन सांगा. गरोदरपणात आलेली गाठ कधी कधी गोल बंधाजवळच्या फुगलेल्या शिरांची असते. डॉपलर सोनोग्राफीत ती ओळखू येते आणि बाळंतपणानंतर सहसा जिरते. तिला हर्निया समजून कापायची गरज नसते.

जखम नसताना तीन-चार आठवडे राहिलेली, वाढणारी, दगडासारखी कडक गाठ वेगळी. क्षय, गुप्तरोग, कर्करोग, सगळं तपासावं लागतं. गाठीतल्या पेशी सुईनं काढून बघतात. पण आधी सोनोग्राफी, मग सुई. गाठीला पू समजून कुणी चिरा दिला आणि आत आतडं निघालं तर जिवावर बेततं.

हर्नियाला गोळी नाही, पट्टाही नाही, शस्त्रक्रियाच. बहुधा जाळी बसवून फट बंद करतात. बायकांमध्ये दुर्बिणीतून करणं सोयीचं, कारण जांघेच्या दोन्ही वाटा दिसतात. वरची बुजवली आणि खालची राहिली, असं होत नाही. आपल्याकडं सोलापूरच्या सिव्हिलमध्ये सर्जरीची ओपीडी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कुठं बसते, हे आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट बरोबर ठेवा.

तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर नर्स किंवा बरोबरची बाई जवळ थांबू दे, असं सांगता येतं. आणि एक. दिवसभर विड्या वळून, पाणी भरून संध्याकाळी दिसणारी गाठ सकाळी आडवं झोपवून तपासली तर हाताला लागतच नाही. “उभं करून, खोकायला लावून बघा,” असं स्वतः म्हणा. सोनोग्राफीवाल्यांनाही तेच सांगा.