बालाघाटांतील निवांत वाटा

इटलींत तोस्काना प्रांताच्या टेंकड्यांतून पांढऱ्या खडीच्या कच्च्या वाटा जातात. त्या डांबराखालीं जाऊं नयेत म्हणून १९९७ सालीं ‘एरोइका’ ही सायकलफेरी सुरू झाली. आज देशोदेशींचे सायकलस्वार द्राक्षमळ्यांमधील त्या वाटांनीं फिरतात.

आपल्या धाराशिव जिल्ह्यांतहि बालाघाटाच्या चढउतारांवर, तुळजापूर वा येडशीच्या रामलिंगाकडे, अशा निवांत वाटा आहेत. परंतु बांध कोरतां कोरतां पाणंदी अरुंद होतात. मग सायकल तर राहोच, बैलगाडीहि निघत नाहीं. शेजाऱ्याची सुगी अडते आणि तंटा तहसीलदारांपुढें जातो. हातभर जमिनीनें कोणी श्रीमंत होत नाहीं. नांगरणीपूर्वीं गांवनकाशा पाहून पाणंद मोकळी ठेवावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.