ओस्लोचा अर्थ कुणाला ठाऊक?

नॉर्वेच्या राजधानीने १९२५ साली आपलं जुनं नाव परत घेतलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. १६२४च्या आगीनंतर राजा चौथा ख्रिश्चन याने शहर आकेर्सहूस किल्ल्याच्या आडोशाला हलवून त्याचं ‘क्रिस्तियानिया’ केलं होतं. पण परत मिळालेल्या ‘ओस्लो’चा अर्थ आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

‘लो नदीचं मुख ते ओस्लो’ ही व्युत्पत्ती सतराव्या शतकाच्या आरंभी पेडर क्लाउसन फ्रीस या पाद्र्याने मांडली. पटायला सोपी, म्हणून ती दीर्घकाळ टिकली. पुढे उलगडलं, की नदीचं ‘लो’ हे नावच शहराच्या नावावरून मागाहून बेतलेलं! उत्तरार्धाचा अर्थ आता कुरण असा लावतात. पूर्वार्ध डोंगरधारेचा की देवाचा, यावर एकमत नाही.

अशा गोड कथांना चाप लावला तो ओलुफ रिग यांनी. १८६७ मध्ये ट्यूने इथलं व्हायकिंग जहाज उकरून काढणारे पुरातत्त्वज्ञ म्हणून ते ओळखले जातात. त्यांचं त्याहून मोठं काम मात्र शेतवाड्यांच्या नावांचा कोश. प्रत्येक वाडीपुढे गावकऱ्यांचा उच्चार, मग मध्ययुगीन चर्चच्या जमीन-नोंदींपासूनची लेखनरूपं सालवार, आणि अर्थ शेवटी, लागला तरच. डॅनिश वळणाच्या कारकुनी लेखनाने मूळ नावं झाकली गेली होती, म्हणून हा खटाटोप. ‘बर्गन’चंच बघा. शेवटचा ‘एन’ आजच्या नॉर्वेजियन कानाला व्याकरणातला प्रत्यय वाटतो. जुन्या नोंदींत मात्र ‘ब्योर्गविन’ आहे आणि ‘विन’ म्हणजे कुरण.

हीच नावं आडनावांत उतरली. आपल्याकडे चिपळूणचा चिपळूणकर, तसं तिथे माणसामागे वाडीचं नाव लागे. फरक एवढाच, की वाडी बदलली की नावही बदले. १९२३च्या कायद्याने कायमचं आडनाव सक्तीचं केलं, तेव्हा अनेकांनी वाडीचंच नाव धरून ठेवलं. त्यामुळे काही आडनावं मोजक्या घरांपुरती उरली, आणि वाडीच्या नावाचं कोडं घराण्याच्या गळ्यात पडलं.

आडनावांचे अर्थ विकणारे अशा नावांनाही चटकन एखादा देव नाहीतर योद्धा चिकटवतात. रिग पुरावा संपला की ‘अनिश्चित’ म्हणून थांबत, आणि शास्त्र म्हणायचं ते यालाच.

रिग १८९९ मध्ये गेले. उरलेले खंड त्यांचे भाऊ कार्ल आणि इतर अभ्यासकांनी पुरे केले. हा कोश आता संगणकावर सर्वांना खुला आहे. एखादा नॉर्वेजियन ओळखीचा असेल, तर त्याचं आडनाव त्यात जरूर शोधून पाहा.