हाताला दुखापत झाली. आता रायफलचा दस्ता कोणता?

हाताच्या दुखापतीनंतर नेमबाजी सोडावीच लागते, असे नाही. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८मध्ये हातबॉम्बने जायबंदी झाला; डाव्या हाताने त्यांनी १९४८ व १९५२मध्ये पिस्तुलात ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. रायफलमध्ये मात्र दस्ताही बदलावा लागतो.

• मनगट वळत नाही : उभ्या मुठीचा दस्ता.
• अंगठा वाकत नाही : अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता टाळा.
• पुढचा हात लांबत नाही : आखूड दस्ता.
• खांदा दुखतो : रबरी पॅड. हलकी रायफल पेलायला सोपी, पण धक्का जास्त देते.
• हात बदलला : बोल्टही डाव्या बाजूचा हवा.

आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. रेंजवरच्या नेमबाजांनाही हेच लागू. खरेदीपूर्वी डॉक्टरांना विचारा आणि रिकामी रायफल खांद्याला लावून पाहा. पकड सुटत असेल, तर थांबा.