चांदण्यांचं कलिंगड हरवतं, तेव्हा...

गडद हिरव्या सालीचं एक मोठ्ठं कलिंगड डोळ्यांसमोर आणा. त्या हिरव्या सालीवर बारीक बारीक पिवळे ठिपके पसरा. मध्येच एक मोठा गोल पिवळा डाग येऊ द्या. झालं की नाही हिरवं आकाश, त्यात एक चंद्र आणि भोवती चांदण्या? हे कुणी रंगवलेलं नाही बरं का! वेलावर ते असंच धरतं. आणखी एक गंमत म्हणजे या वेलाच्या पानांवरही तसेच पिवळे ठिपके असतात.

त्याचं नावच 'मून अँड स्टार्स'. अमेरिकेतल्या पीटर हेंडरसन नावाच्या बियाणे कंपनीनं 1926 साली ते विकायला आणलं. लोकांनी ते हौसेनं लावलं. पुढे कंपन्यांच्या यादीतून त्याचं नाव गळालं, शेतांतून वेल दिसेनासे झाले, आणि 1970 नंतर तर हे कलिंगड जगात उरलेलंच नाही, असं जाणकारही म्हणू लागले.

पण भाजी किंवा फळ हरवतं म्हणजे नेमकं काय होतं? कुणी ते मुद्दाम नष्ट करतं का? नाही. बी जिवंत असतं. टणक सालीच्या आत एक इवलंसं रोप निजलेलं असतं आणि त्याच्यासोबत थोडं अन्न साठवलेलं असतं. झोपेतही ते रोप अगदी हळू श्वास घेतं आणि काही वर्षांत त्याचा जीव संपतो. घरात ठेवलेलं कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच रुजेनासं होतं. टोमॅटोचं चार-पाच वर्षं तग धरतं. तेवढ्या वेळात ते कुणीच पेरलं नाही तर तो वाण कायमचा गेला. ना वादळ, ना आग. सगळ्यांनी फक्त 'पुढच्या वर्षी पेरू' एवढं म्हटलं की पुरे!

हे कलिंगड हरवलं असं लोक म्हणत होते, त्याच काळात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डायन नावाची एक तरुणी आपल्या आजोबांकडे गेली होती. आजोबांनी तिला आणि तिचा नवरा केंट व्हिली याला दोन प्रकारचं बी दिलं. एक होतं गुलाबी टोमॅटोचं आणि दुसरं जांभळ्या फुलांच्या एका वेलीचं. आजोबांचे आईवडील एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या बव्हेरियातून बोटीनं अमेरिकेत आले, तेव्हा हे बी त्यांच्या सामानात होतं. त्यानंतर घरातलं कुणी ना कुणी ते दरवर्षी पेरत आलं होतं. थोड्याच काळात आजोबा वारले. त्यांनी ते बी दिलं नसतं, तर त्यांच्याबरोबर तेही संपलं असतं.

डायन आणि केंटच्या मनाला हे फार लागलं. अशी किती आजी-आजोबांची बियाणी, कुठल्या कुठल्या घरांत, शेवटच्या मुठीपुरती उरली असतील? त्यांनी बागकामाच्या मासिकांना पत्रं लिहिली, 'तुमच्याकडे घरचं जुनं बी आहे का? असेल तर कळवा.' 1975 मध्ये सुरुवात झाली तेव्हा जेमतेम 29 जण जमले. छोटीशी यादी छापली. कुणाकडे काय आहे आणि कुणाला काय हवंय, एवढंच त्यात होतं. यादी वाचायची, हव्या त्या माणसाला पत्र लिहायचं आणि पाकिटातून बी मागवायचं. ते पेरायचं, नवं बी धरायचं आणि पुढच्या वर्षी यादीत आपलंही नाव घालायचं. याच अदलाबदलीतून 'सीड सेव्हर्स एक्सचेंज' ही संस्था उभी राहिली. आज आयोवातल्या डेकोरा गावाजवळ तिचं शेत आहे आणि तिथे 20,000 हून जास्त वाण जपलेले आहेत.

मग आपल्या कलिंगडाचं काय झालं? केंट जाईल तिथे त्याची चौकशी करायचाच. 1980 च्या सुमारास तो टीव्हीवरच्या एका मुलाखतीतही त्याबद्दल बोलला. ती मुलाखत मिझुरी राज्यातल्या मॅकन गावाजवळचे एक शेतकरी पाहत होते. त्यांचं नाव व्हॅन डोरेन. जे कलिंगड जगातून गेलं म्हणून सगळे हळहळत होते, ते यांच्या शेतात दरवर्षी पिकत होतं! हे काही दुर्मिळ आहे, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी बी दिलं, ते सभासदांकडे गेलं, सभासदांकडून आणखी लोकांकडे, आणि आज हे कलिंगड अमेरिकेत कितीतरी परसांत लावलं जातं.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो हा साधा शेतकरी. त्यानं आवडतं म्हणून पेरलं आणि पिकलं म्हणून बी ठेवलं.

आता खरी कसोटी. चांदण्यांच्या कलिंगडाच्या बीपासून चांदण्यांचंच कलिंगड येईल का? येईल, पण त्यासाठी मधमाश्यांवर लक्ष ठेवावं लागेल. कलिंगडाच्या वेलावर नरफुलं वेगळी असतात आणि फळ धरणारी फुलं वेगळी. फळ धरणाऱ्या फुलाच्या खाली वाटाण्याएवढं कलिंगड आधीच तयार असतं, पुढच्या वेळी वेल दिसला तर जरूर बघा. मधमाशी एका फुलातले परागकण दुसऱ्यात नेते तेव्हाच ते वाढतं. पण मधमाशीला वाणांची नावं कुठे ठाऊक? शेजारच्या शेतात साध्या कलिंगडाचे वेल असले, तर ती तिकडचे परागकण इकडे आणते. त्या वर्षी फळ चांदण्यांचंच निघतं, कारण साल आणि गर आईवेलाचे असतात. सरमिसळ झालेली असते ती आतल्या बियांत, आणि ती दिसते पुढच्या पिढ्यांत! म्हणून बी धरणारे लोक दोन जातींच्या वेलांत साधारण पाऊण-एक किलोमीटर अंतर ठेवतात. तेवढी जागा नसेल तर फूल उमलण्याआधीच कागदी पिशवीत झाकतात आणि सकाळी त्यावर हातानं परागकण लावतात. रोपांना पानं फुटली की ठिपके शोधायचे आणि बिनठिपक्यांची रोपं उपटून टाकायची. पण सरमिसळ झालेल्या रोपांवरही ठिपके येऊ शकतात, म्हणून नुसत्या पानांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

टोमॅटो आणि वाल मात्र सोपे. त्यांच्या फुलांत बहुतेक वेळा बाहेरचे परागकण येण्याआधीच आतल्या आत काम उरकतं. म्हणून नवशिक्यांनी सुरुवात त्यांच्यापासून करावी.

बाजारातल्या संकरित बियाण्याची गोष्ट वेगळी. दोन निवडक वाणांचा संकर करून ते बनवतात. पहिल्या पिढीत सगळी झाडं एकसारखी येतात आणि भरघोस पिकतात. शेतकऱ्याला त्याचा फायदाही होतो, तो नाकारायचं कारण नाही. पण त्या फळातलं बी पेरलं तर पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटकं, एकाचं फळ आंबट, एकाचं गोड, असा सगळा गोंधळ. मग दरवर्षी नवं बियाणं विकत घ्यावं लागतं, आणि घरचं बी धरायची सवय सुटते. गावरान वाण हरवतात ते बहुतेक असेच.

आपल्याकडे ही सवय मोडू न देणाऱ्या एक आजी आहेत, राहीबाई पोपेरे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावात त्या राहतात. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. पण कुठला वाल कुठल्या जमिनीत चांगला येतो, कुठल्या भाताला किती पाणी लागतं, हे त्यांना विचारा! त्यांनी वालाचे, घेवड्याचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी गावरान वाण गोळा केले आणि घरातच त्यांची बियाणे बँक उभी केली. पुढे 'बायफ' या संस्थेची साथ मिळाली. 2018 मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं आणि 2020 चा पद्मश्री त्यांना जाहीर झाला. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

या बँकेचा नियम ऐकण्यासारखा आहे. बी न्या, पेरा आणि पीक आलं की दुप्पट परत करा. म्हणजे तुमच्या शेतात बी राहिलं आणि बँकेतही वाढलं. समजा तुम्ही कविता लिहिल्या आणि त्यांची एकच वही आहे. ती भिजली तर सगळं गेलं. पण दहा मैत्रिणींनी त्या उतरवून घेतल्या असतील तर? बियांचंही तसंच आहे. एका घरात उंदीर शिरेल, दुसऱ्याकडे पाऊस दगा देईल, पण तिसऱ्या घरात बी शाबूत असेल.

बी टिकवायची युक्ती आपल्या आज्यांना चांगली ठाऊक होती. बी चांगलं वाळवायचं, चुलीतल्या राखेत मिसळायचं, गाडग्यात भरायचं आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं. राख ओल शोषून घेते, शिवाय तिच्या बारीक कणांनी भुंगेऱ्यांच्या अंगावरचा मेणकट थर खरवडला जातो आणि ते सुकून मरतात. शास्त्रज्ञ बियांचे दोन मोठे शत्रू सांगतात, ओल आणि उष्णता. बियांतलं पाणी एक टक्क्यानं घटवलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंश सेल्सिअसनं उतरवलं की पुन्हा दुप्पट. म्हणून तर नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटसमूहात, डोंगराच्या पोटात, उणे 18 अंशांत जगभरचं बी ठेवलंय. 2008 मध्ये ते कोठार सुरू झालं. डेकोराहूनही तिथे बी गेलं आहे.

तरी माझं मत असं, की कोठारातल्या बीपेक्षा शेतातलं बी जास्त शहाणं. गोठवलेलं बी जसंच्या तसं राहतं. पेरलेल्या बीला मात्र दरवर्षी नवा पाऊस, नवी कीड, नवं ऊन भेटतं. त्यात जे झाड तगतं आणि छान फळतं, त्याचंच बी शेतकरीण निवडते. अशा पिढ्यामागून पिढ्या गेल्या की तो वाण त्या गावच्या मातीला सरावतो. पिकांच्या वाणांबद्दलच्या भारताच्या 2001 च्या कायद्यानंही शेतकऱ्याला आपलं बी जपायचा, पेरायचा आणि इतरांना द्यायचा हक्क दिला आहे.

आता तुमची पाळी. सुट्टीत गावी गेलात की आजीला, मामीला, शेजारच्या काकूंना विचारा, 'तुमच्याकडे घरचं बी आहे का?' वालाचं, काकडीचं, भोपळ्याचं, मिरचीचं, काहीही चालेल. वाल मिळाला तर उत्तम. पावसाळ्यात कुंडीत किंवा परसात लावा. सगळ्या शेंगा खाऊन टाकू नका. सगळ्यात निरोगी वेलावरच्या चार शेंगा वेलावरच वाळू द्या, हलवल्यावर आत दाणे वाजले की तोडा. दाणे सावलीत सुकवा आणि कोरड्या बाटलीत भरा. बाटलीवर वाणाचं नाव, गाव, वर्ष आणि ते कुणी दिलं हे लिहायला विसरू नका. त्याची भाजी घरी कशी करतात तेही लिहा, ती माहितीही बियांबरोबरच हरवते. मग निम्मे दाणे वर्गातल्या दोन-तीन मित्रांना द्या आणि पीक आलं की दुप्पट परत मागा.