विश्लेषण : उसाच्या ट्रॅक्टरची पुढची चाके हवेत का उचलतात? हुकाची उंची किती असावी?

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरची रांग लागते. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना असो किंवा साखराळ्याचा राजारामबापू, डांबरी रस्त्यावर आल्यानंतरचा प्रवास तुलनेने सोपा. खरी कसोटी लागते ती फडातून रस्त्यावर चढताना. खाली ओली काळी माती, समोर बांधाचा चढ आणि मागे भरलेली ट्रॉली. अशा वेळी ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडतात. मग कुणी बोनेटवर माणसे बसवतो, कुणी त्याचा व्हिडीओ काढतो. यात गंमत काहीच नाही. ट्रॅक्टर मागे उलटायला एक-दीड सेकंद पुरतो. चालकाचा पाय क्लचपर्यंत पोहोचेलच असे नाही.

चाके का उचलतात?

इंजिनाच्या ताकदीला दोष दिला जातो, पण बरेच काही हुकाच्या उंचीवर ठरते. ट्रॉली मागे ओढते, मागची चाके पुढे रेटतात. हूक जमिनीपासून जितका उंच, तितके पुढच्या चाकांवरचे वजन मागच्या चाकांवर जाते. हिशेब सोपा आहे : ओढ गुणिले हुकाची उंची, भागिले पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर.

उदाहरणादाखल २२०० किलोचा ट्रॅक्टर घेऊ. पुढच्या चाकांवर ८५० किलो, दोन अ‍ॅक्सलमध्ये २ मीटर अंतर आणि चढावर १२०० किलोची ओढ. हूक ४५ सेंटिमीटरवर असेल तर पुढचे २७० किलो कमी होतात, ५८० उरतात. तोच हूक ९० सेंटिमीटरवर नेला तर ५४० किलो जातात आणि उरतात फक्त ३१०. स्टेअरिंग नीट चालायला एकूण वजनाच्या निदान २० टक्के, म्हणजे इथे ४४० किलो, पुढे हवेत. हा हिशेब सपाट जमिनीचा झाला. चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही मागे झुकते, आणि दोनचाकी ट्रॉली असेल तर दांडीचा भार वेगळाच.

मग हूक वर का घेतात?

कारण फायदा दिसतो. वजन मागे गेले की मागची चाके कमी घसरतात, चिखलातून गाडी निघते. शिवाय खाली असलेला हूक सरीत, बांधावर घासतो. म्हणून वरच्या भोकात पिन टाकण्याचा मोह होतो. रुतलेली ट्रॉली काढताना तर साखळी थेट टॉप लिंकच्या जागी अडकवली जाते. सगळ्यात धोकादायक प्रकार हाच.

ओढीची जागा मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याखालीच हवी, हा नियम. मध्यम ट्रॅक्टरचा अ‍ॅक्सल साधारण दोन फुटांवर असतो. ड्रॉबार दीड फुटाच्या आसपास राहिला तर बरे. ट्रॉली भरून, सपाट जागेवर, टायरची हवा तपासून टेपने मोजावे. दांडी आडवी, जमिनीला समांतर दिसली पाहिजे. जुळत नसेल तर ट्रॉलीच्या दांडीची कडी फॅब्रिकेशनवाल्याकडून खाली-वर करून घ्यावी, ट्रॅक्टरचा हूक वर नेऊ नये. आणि फडातून दोन ट्रॉल्या एकदम काढण्याऐवजी एकेक काढून रस्त्यावर जोडावी. वेळ जातो, पण उपाय बिनखर्चाचा आहे.

उतारावर उलटा खेळ असतो. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना, ट्रॉलीला बहुधा नसतातच. ब्रेक दाबला की ट्रॉली मागून ढकलते. हूक उंच असेल तर तो धक्का ट्रॅक्टरचा मागचा भागच हलका करतो, म्हणजे ब्रेक असलेल्या चाकांचीच पकड सुटते आणि ट्रॅक्टर-ट्रॉली मध्येच दुमडते.

बोटीच्या ट्रेलरला हेच लागू?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कृष्णाकाठी बोट ओढून नेणे ही नवलाई उरलेली नाही. ती ट्रॅक्टरला जोडली तर वरचाच नियम. जीपला जोडली तर मात्र ट्रेलर समांतर राहणे महत्त्वाचे. बोट आणि ट्रेलर मिळून ६०० किलो असतील तर हुकावर साधारण ६० किलो यावेत. हूक उंच असला की बोटीचे नाक वर जाते, हुकावरचा भार घटतो, वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि मागचा पंखा गतिरोधकावर आपटतो. हूक खाली असेल तर नाक दबते, जीपची मागची बाजू बसते आणि स्टेअरिंग हलके लागते.

बोट चढवल्यावर जीप काही इंच खाली बसते. त्यामुळे रिकाम्या ट्रेलरवर घेतलेले माप इथे चालत नाही. इंजिन आणि डिझेलचा कॅनसुद्धा जागेवर ठेवून मगच टेप लावावा.