तालुका टाइप नको, निवडू द्या

एकाच गठ्ठ्यातल्या अर्जांत ‘शिरूर’, ‘शिरुर’ आणि ‘शिरूर पुणे’ निघाले, की याद्या जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. त्यात बीडचं शिरूर कासार वेगळंच! वर्डच्या टेम्पलेटमध्ये ड्रॉपडाउन टाकला की हा घोळ मुळातच थांबतो. २००७च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. ती डेव्हलपर टॅबमध्ये मिळते; तो टॅब दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या ‘कस्टमाइझ रिबन’मधून चालू करा. ‘ड्रॉप-डाउन लिस्ट’ घालून प्रॉपर्टीजमध्ये एकेक नाव भरा. ‘कॉम्बो बॉक्स’ मात्र टाळाच, त्यात हवं ते टाइप करता येतं. मग फाइल ‘वर्ड टेम्पलेट’ म्हणून सेव्ह करा. टेम्पलेटमधली यादी नंतर वाढवली तरी आधी तयार झालेल्या अर्जांत जुनीच राहते, तेव्हा नावं वाटपाआधीच तपासून घ्या.