श्वासोच्छ्वासाचा पाठ

‘श्वासोच्छ्वास म्हणजे काय?’ असा प्रश्न वर्गात विचारला असता मुलांकडून बहुधा एकच ठरावीक उत्तर मिळते : ‘प्राणवायू आत घेणे व कर्बवायू बाहेर सोडणे.’ परीक्षेपुरते हे उत्तर चालत असले, तरी त्यामुळे मुलांच्या मनात दोन चुकीच्या समजुती घर करतात. फुप्फुसे स्वतःच्या बळाने हवा ओढून घेतात, ही पहिली. आणि बाहेर सोडलेल्या हवेत प्राणवायू मुळीच उरत नाही, ही दुसरी. या दोन्ही समजुती पाठाच्या ओघातच दूर होणे अगत्याचे आहे.

फुप्फुसांना हवा ओढणारे स्नायू नसतात. ते कार्य छातीच्या पोकळीचे आहे. या पोकळीच्या तळाशी श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू असतो. तो आकुंचन पावला म्हणजे खाली सरकून सपाट होतो. त्याच वेळी फासळ्यांमधील स्नायू फासळ्यांना वर व बाहेर उचलतात. पोकळी मोठी झाली की फुप्फुसेही प्रसरण पावतात, त्यांतील हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. लोहाराचा भाता उघडला असता हवा आत येते, तसाच हा प्रकार होय. पुढे स्नायू सैल पडले की ताणलेली लवचीक फुप्फुसे आकसतात व हवा बाहेर जाते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारे १२ ते १६ वेळा श्वास घेतो व दर खेपेस सुमारे अर्धा लिटर हवा आत येते.

हे प्रत्यक्ष दाखविण्यास खर्च लागत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ शिक्षकांनी स्वतः कापावा. बाटलीच्या तोंडाला एक फुगा आत लोंबेल असा बसवावा व तळाला दुसऱ्या फुग्याचे रबर ताणून घट्ट बांधावे. रबर खाली ओढले की आतला फुगा फुगतो. फुग्यात कोणीही फुंकर घातलेली नाही, याकडे मुलांचे लक्ष वेधावे.

फुप्फुसांत श्वासनलिकांना फाटे फुटत फुटत शेवटी अतिसूक्ष्म वायुकोश लागतात. प्रौढाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या काही कोटींच्या घरात असते. त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी या शास्त्रज्ञाने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात हे जाळे सूक्ष्मदर्शकाने प्रथम पाहिले. हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या एक हजारांश भागाहूनही पातळ असतो. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप जातो. वायुकोशात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, तर शरीरातून परतलेल्या रक्तात सुमारे ४० असतो. म्हणून प्राणवायू रक्तात उतरतो व तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनशी संयोग पावतो. कर्बवायूचा दाब रक्तात सुमारे ४६ व वायुकोशात ४० असल्याने तो उलट दिशेने बाहेर पडतो.

या देवघेवीत सर्व प्राणवायू खर्च होत नाही. आत येणाऱ्या हवेत तो शेकडा २१ असतो. बाहेर जाणाऱ्या हवेत सुमारे १६ उरतो. कर्बवायू मात्र शेकडा ०.०४ वरून सुमारे ४ पर्यंत वाढतो. चुन्याच्या स्वच्छ निवळीत नळीने फुंकल्यास ती दुधाळ होते, ती या वाढलेल्या कर्बवायूमुळे. निवळी तोंडात अगर डोळ्यांत जाऊ नये म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा.

शेकडा १६ हा आकडा केवळ पाठांतराचा नाही. विहिरीतून वा नदीतून बाहेर काढलेल्या मुलाचा श्वास थांबला असेल, तर दुसऱ्याने तोंडाने दिलेल्या श्वासातील हाच शिल्लक प्राणवायू त्याच्या रक्तास पोचतो. बाहेर टाकलेली हवा निरुपयोगी असती, तर हा उपाय व्यर्थ ठरला असता. अशा प्रसंगी कृत्रिम श्वासाबरोबर छातीवर दाब देणेही आवश्यक असते आणि १०८ क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा लागतो. ही कृती वाचून साधत नाही. शिक्षकांनी आरोग्य केंद्रातील जाणकारांकडून ती हाताने करून शिकून घ्यावी.

पाठाच्या अखेरीस तोच पहिला प्रश्न पुन्हा विचारावा. ‘छाती मोठी होते म्हणून हवा आत येते, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतही प्राणवायू असतो,’ असे उत्तर मुलांनी स्वतःच्या शब्दांत दिले, तर पाठ सफल झाला असे समजावे.